खोबरेल

पाषाणचा आकडा उद्या पेपरात येईल.
माझा आकडा माझ्या पिशवीत असतो :
खोबरेलाची बाटली, आज पार दगड,
उलटी धरली तरी हलत नाही.

म्हणजे गाडीही झोपलेली आहे.

टेकडीच्या पायथ्याला, रोपवाटिकेच्या पत्र्याखाली
ती उभी : चार जाड चाकं, मागे हौदा,
हौद्यात पाण्याची टाकी,
दार नाही, काच नाही,
सीटवर रात्रीचं दव. ते मी गोणपाटानं पुसते
आणि तरी बसल्यावर हुडहुडी भरतेच.

किल्ली अर्धी.
पिवळं वेटोळं पेटतं. ते विझेपर्यंत थांबायचं,
मनात काही मोजायचं नाही.
मग सेल्फ. एक घरघर. दुसरी.
तिसरीला खोकला, पांढरा धूर,
आणि ती उठते
पांघरूण ओढलेल्या पोरासारखी चिडून.
वरचा पत्रा थरथरतो, कबुतरं उडतात.

इथेच सगळे चुकतात.
तांबोळी मामा म्हणायचे,
इंजिन उठलं गं, पेटी कुठे उठलीय?
घरात एक जण जागा झाला
म्हणून काय सगळ्यांना चहा मिळतो?

मी आले होते खड्डे खणायला, रोजावर.
ड्रायव्हर दिवाळीला गावी गेला तो गेलाच.
साहेबांनी विचारलं, चालवता कुणाला येते?
मी हात वर केला.
येत नव्हती. मला स्कूटी येत होती.

पहिल्याच डिसेंबरात घाईनं गिअर टाकला.
पेटीतलं तेल तेव्हा काकवी,
दात आंधळ्यासारखे दातांवर आपटले.
तो आवाज अजून माझ्या दाढेत आहे.
मामा ओरडले नाहीत.
माझ्या पिशवीतून बाटली काढली,
पेटीच्या झाकणावर ठेवली.
ही वितळली की निघायचं, म्हणाले.
घड्याळ बघू नकोस,
घड्याळाला थंडी वाजत नाही.

साडेसहाला फिरणारे येतात.
माकडटोपीतून एक आवाज :
"बाई, निघायचं असेल तर निघा,
नसेल तर ते बंद करा. मोर बिचकतात."
रोज तेच काका, तेच वाक्य,
एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही.
आज मी बाटली उचलून त्यांच्यासमोर धरली.
कडेनं पाणी सुटलेलं,
मध्ये अजून पांढरं बेट.
त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं,
काठीनं चाक ठोकलं उगाच.
"पाचेक मिनिटं लागतील अजून,"
असं मलाच सांगितलं
आणि उभे राहिले इंजिनाच्या बाजूला,
डावा गुडघा उबेला धरून.

मोर ओरडला वरून कुठूनतरी. बिचकला नव्हता.
आम्ही दोघं काही बोललो नाही.
खाली सूसच्या रस्त्यावर दिवे विझायला लागलेले,
धुक्यातून एक दुधाचा टेम्पो जाताना नुसता ऐकू आला.

मामा आता कोंढव्यात, मुलाकडे.
उजवी बाजू हलत नाही.
रोज एक बाई येऊन
बोटं एकेक करून उघडते, मिटते,
गरम पिशवी आधी, मग व्यायाम.
परवा फोनवर म्हणाले,
ही पोरगी बरी आहे, जोर लावत नाही.
मग बराच वेळ नुसता श्वास.
मग : वितळतंय का गं तिकडे?

बेट सुटलं. बाटलीत ते फिरलं, बारीक झालं,
आणि एका क्षणी नव्हतंच.
क्लच. पहिला गिअर.
हातात काही लागलं नाही, इतका अलगद.
पहिल्या चढापर्यंत पायी चालल्यासारखी नेते,
पाणी डचमळतं मागे,
वर अंजनाची रोपं वाट बघतायत,
बघू देत.

आरशात काका, अजून तिथेच,
जिथे गाडी होती त्या रिकाम्या जागेवर,
गुडघा चोळत.
उद्या त्यांना दोन थेंब देईन.